सुरिनामला जाताय? ‘छोटा भारत’ शोधायला जाऊ नका

तुम्ही विचारलंत की होळीच्या सुमारास दहा दिवस दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला जायचंय, बरोबर सांगलीहून आलेले आईबाबा आहेत, दोघंही शाकाहारी. तिकडे हिंदी चालते का, खाण्याचे हाल होतील का, आणि ‘तो म्हणे छोटा भारतच आहे’, तर तिथे बघायचं काय? मी नेदरलँड्समधल्या हेगमध्ये चौदा वर्षं राहतोय आणि सुरिनामला तीनदा जाऊन आलोय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी लशीचं बघा, बाकीचं नंतर. सुरिनाम पीतज्वराच्या (यलो फीव्हर) देशांच्या यादीत आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र जवळ नसलं, तर विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं. शिवाय साठी ओलांडलेल्या माणसांना ही लस पहिल्यांदाच देताना त्रास व्हायचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून आईबाबांना आधी डॉक्टरांकडे न्या आणि मगच तिकिटं काढा. मलेरियाची काळजी मात्र आता बरीच कमी झालीय. जागतिक आरोग्य संघटनेनं जून 2025 मध्ये सुरिनामला मलेरियामुक्त जाहीर केलं. डेंग्यू आहे, तेव्हा डासांचं मलम न्याच.

आता ‘छोटा भारत’. हे शब्द मीही डोक्यात घेऊन गेलो होतो आणि पहिल्याच आठवड्यात एका घरात मी मोठी चूक केली.

हेगमध्ये आमच्या शेजारी एक सुरिनामी हिंदुस्तानी, म्हणजे भारतातून तिकडे गेलेल्या मजुरांच्या वंशातलं, कुटुंब राहतं. त्यांच्या बहिणीचं घर पारामारिबोच्या दक्षिणेला लेलिडॉर्पकडे आहे, तिथे मी जेवायला गेलो. स्वयंपाकघरात ऐंशीच्या पुढची एक बाई रोट्या लाटत होती आणि नातवंडं तिला ‘आजी’ म्हणत होती. मला वाटलं, माझ्यासाठी म्हणताहेत. पण नाही, तिकडे वडिलांच्या आईला आजीच म्हणतात, आजोबांना आजा, आणि आईकडच्यांना नानी-नाना. भोजपुरीतून गेलेला शब्द, आपल्या घरात बसतो तसा बसलेला. मी इतका खूश झालो की त्या खुशीत नातीला म्हणालो, “तुमची हिंदी थोडी मोडकी आहे, पण मला सगळं समजतं.” लाटणं थांबलं नाही, पण आजी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ई हिंदी ना है. ई सरनामी है.”

तेवढंच. पुढे आग्रहानं वाढलं, सगळं नीट झालं, पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. त्यांचं बरोबर होतं. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारच्या वेगवेगळ्या गावांतून आलेली भोजपुरी आणि अवधी बोलणारी माणसं मळ्यांवर एकत्र कोंबली गेली, त्यांच्या बोली एकमेकींत मिसळल्या, वर डच आणि स्रानान या तिथल्या क्रिओल भाषेचे शब्द चढले, आणि जे तयार झालं ते या पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही नव्हतं. तिचं रोमन लिपीतलं अधिकृत लेखनही 1986 साली ठरलं. वऱ्हाडी माणसाला कोणी ‘तुमची मराठी बिघडलेली आहे’ म्हटलं तर कसं वाटेल, तसं मी त्या आजींना बोललो होतो. तेव्हा आईबाबांना आधीच सांगून ठेवा. हिंदी सावकाश बोललात तर वयस्कर माणसांना समजते, देवळातून आणि सिनेमांतून ती त्यांच्या कानावर असते. तरुण मुलं डचमध्येच बोलतील. पण कोणाची भाषा सुधारायला जाऊ नका.

ही माणसं तिथे पोचली कशी, हे माहीत असेल तर समोरचं जास्त उलगडतं. डचांनी सुरिनाममधली गुलामगिरी 1 जुलै 1863 ला संपवली, पण सुटलेल्या लोकांना आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यांवरच राबवलं. ती मुदत 1873 मध्ये संपली आणि त्याच वर्षी 5 जूनला ‘लल्ला रूख’ नावाचं जहाज कलकत्त्याहून 399 माणसं घेऊन आलं. योगायोग नव्हता, उसाला हात हवेच होते. 1916 पर्यंत 64 जहाजं आली, 34 हजारांवर माणसं उतरली. भरती करणारे अरकाटी त्यांना सांगायचे की ‘श्रीराम टापू’वर न्यायचंय. पाच वर्षांचा करार, त्यावरून ही माणसं स्वतःला ‘कंत्राकी’ म्हणत. करार संपल्यावर साधारण एक तृतीयांश परत गेली, बाकीची तिथलीच झाली. पारामारिबोत नदीजवळ ‘बाबा आणि माई’ असा पुतळा आहे, एक पुरुष आणि एक बाई, गाठोडं घेतलेले. कलकत्त्यात जिथून जहाजं सुटायची तिथेही 2015 मध्ये तसाच पुतळा उभा राहिला. दोन्ही बघितलेत तर एका प्रवासाची दोन्ही टोकं बघितल्यासारखं होतं.

नावांकडेही लक्ष ठेवा. उतरताना कारकुनानं जे एकच नाव नोंदवलं तेच पुढे आडनाव झालं, आणि तेही डच उच्चारानं लिहिलेलं. डचमध्ये ‘उ’ लिहायला ओ आणि ई अशी दोन अक्षरं जोडतात, ‘ज’साठी डी आणि जे. दुकानाच्या पाटीवर आधी काहीच कळत नाही, मग मोठ्यानं वाचलं की एकदम ‘दुर्गा’, ‘सुखू’, ‘गजाधर’ ऐकू येतं. माझ्या मुलीला हा खेळ इतका आवडला की ती टॅक्सीतून पाट्या वाचतच बसायची.

पण मुळात, हिंदुस्तानी म्हणजे सुरिनाम नव्हे. 2012 च्या जनगणनेत ते साधारण 27 टक्के होते. मरून (मळ्यांतून पळालेल्या गुलामांचे वंशज) 22 टक्क्यांच्या आसपास, क्रिओल (आफ्रिकी वंशाचे बाकीचे) 16, जावानीज 14, मिश्र वंशाचे 13, शिवाय मूळ आदिवासी, चिनी, बाकीचे. देशाचा आकार महाराष्ट्राच्या अर्ध्याहून थोडा जास्त, आणि माणसं किती, तर कोल्हापूर शहरात आहेत तेवढी. नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन जंगलाखाली. यातली एक बाजू बघून ‘भारत बघून आलो’ म्हणणं मला बाकीच्यांचा अपमान वाटतो.

जावानीजांचंच घ्या. 1890 पासून डचांनी जावाहून तेहतीस हजारांच्या आसपास मजूर आणले. जावामध्ये मक्का पश्चिमेला, म्हणून नमाज पश्चिमेकडे तोंड करून पढायचा. अटलांटिक ओलांडून सुरिनामला आल्यावर मक्का पूर्वेला गेली, पण पुष्कळ जण पश्चिमेकडेच तोंड करत राहिले, कारण बापजाद्यांनी तसंच केलं होतं. पुढे यावरून पूर्ववाले आणि पश्चिमवाले असे दोन तट पडले. आजही तिथे पश्चिमेकडे वळलेल्या मशिदी आहेत. मी जेव्हा जेव्हा परदेशात तुळस जगवायची धडपड करणारी आपली माणसं बघतो, तेव्हा मला या मशिदी आठवतात.

खाण्याची चिंता करू नका. रोटीची दुकानं सगळीकडे आहेत. तिकडची रोटी म्हणजे पुरणपोळीसारखी भरून लाटायची, पण आत वाटाण्याच्या पिवळ्या डाळीचं तिखटमिठाचं कोरडं सारण. बरोबर बटाट्याची मसाल्याची भाजी आणि कौसबंद, म्हणजे हातभर लांब चवळीच्या शेंगा. ‘मांस नको, भोपळा द्या’ एवढं सांगितलं की झालं. अंड्याबद्दल वेगळं सांगा, ते न विचारता ताटात येतं. ‘बारा’ नावाचा उडदाचा वडा मिळतो, तो खा. ‘मादाम जानेट’ नावाची पिवळी मिरची दिसायला गोजिरवाणी असते, बाबांना सांगलीच्या ठेच्याची सवय असली तरी तिला जपून. ब्लाउग्रोंड भागातल्या जावानीज खानावळींत संध्याकाळी जा, तळलेला कसावा आणि भाज्यांचं बामी, म्हणजे नूडल्स, मिळेल, फक्त सुकी कोळंबी आणि मांसाचा रस्सा घालू नका म्हणून दोनदा सांगा. ‘पोम’ हा तिथल्या प्रत्येक वाढदिवसाचा पदार्थ, पण त्यात कोंबडी असते, तो तुमच्या कामाचा नाही.

पारामारिबो पायी बघा, सकाळी दहाच्या आत, नंतर ऊन सोसत नाही. जुनं शहर लाकडी आहे, पांढरी घरं, हिरव्या झडपा, 2002 पासून जागतिक वारसा यादीत. लाकडी कॅथीड्रल बाहेरून पिवळं-करडं आहे, पण आत शिरलात की रंगच नाही, नुसतं उघडं सीडरचं लाकूड, आणि त्याचा वास. तिथे जरा बसा. कायझरस्ट्राटवर सिनॅगॉग आणि मशीद शेजारी शेजारी आहेत, त्याचे फोटो सगळे काढतात, तुम्हीही काढालच. फोर्ट झीलांडियात मात्र फोटोंची घाई करू नका. 8 डिसेंबर 1982 ला लष्करी राजवटीनं पंधरा विरोधकांना तिथे गोळ्या घातल्या. भिंतीपाशी फुलं असतात. त्यांची घरची माणसं अजून त्याच गावात राहतात.

रविवारी सकाळी स्वातंत्र्य चौकात पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा भरतात. पिंजरे समोरासमोर टांगतात आणि कोणता पक्षी किती वेळा गातो ते फळ्यावर खडूनं मोजतात. एरवीही माणसं पिंजरा हातात घेऊन फिरताना दिसतील, पक्ष्याला माणसांची सवय व्हावी म्हणून. भाड्याच्या छोट्या बसगाड्याही बघण्यासारख्या आहेत, त्यांच्या मागे हिंदी सिनेमातले नट-नट्या रंगवलेल्या असतात, कधी फुटबॉलपटू. गाड्या डावीकडून चालतात, हे तुम्हाला सोयीचं पडेल. रात्री उशिरा मात्र पायी न फिरता टॅक्सी करा.

एक दिवस कोमेवाइनला राखून ठेवा. बोटीतून नदीसंगमावर डॉल्फिन दिसतात, त्यासाठी सगळे जातात. तुम्ही पुढे मारियनबर्गला जा. 1882 चा साखर कारखाना, 1986 मध्ये बंद पडलेला, आता गंजतोय. छपराला भोकं, आत झाडं उगवलेली, चरकाची दातेरी चाकं अजून जागेवर. 29 जुलै 1902 ला मजुरीच्या दरावरून आणि मॅनेजर आमच्या बायकांना त्रास देतो म्हणून मजूर उठले. मॅनेजर जेम्स मेव्हरला त्यांनी ठार मारलं. दुसऱ्या दिवशी सैनिकांनी गोळीबार केला, वीसहून जास्त मजूर गेले आणि त्यांना एकाच खड्ड्यात चुना टाकून पुरलं. स्मारक आहे, छोटंसं. आम्हाला दाखवणारा वयस्कर माणूस त्याच कारखान्यात कामाला होता. तो यंत्रांबद्दल भरभरून बोलला, कोणत्या चाकाचा आवाज कसा यायचा ते हातानं दाखवलं, आणि स्मारकापाशी आल्यावर टोपी काढून नुसता उभा राहिला. साखरेच्या पट्ट्यातून आलेल्या तुमच्या बाबांना ती जागा माझ्यापेक्षा जास्त कळेल असं वाटतं.

क्रिओल बायकांचा पोशाख, कोतो, मोठ्या समारंभांत दिसतो. डोक्याला बांधायच्या रुमालाला आंगिसा म्हणतात, आणि त्याच्या घडीतून निरोप देता येतो. एका घडीचा अर्थच ‘बोलू दे त्यांना’ असा आहे. बाजारात कोणी बांधलेली दिसली तर विचारा, आवडीनं सांगतात. स्रानानमध्ये ‘फा वाका?’ म्हणजे कसं चाललंय, उत्तर ‘मि दे’, आहे बरा. एवढे दोन शब्द बोललात तरी चेहरे खुलतात.

होळीला तिकडे फगवा म्हणतात आणि देशभर सुट्टी असते. पालमेनटाउन या ताडांच्या बागेत सगळ्या वंशांची माणसं रंग खेळतात. चौताल, म्हणजे फगव्याची गाणी, म्हणणारी मंडळी ढोलक घेऊन बसलेली दिसली तर तिथे थांबा. लोखंडी दांड्यावर वाजवतात तो धनताल, ‘बैठक गाना’ या तिथल्या हिंदुस्तानी संगीतातही तोच असतो.

उरलेले तीन दिवस नदीवर घालवा. अटयोनीला रस्ता संपतो, पुढे सुरिनाम नदीतून लांब नावेनं सारामाका मरूनांच्या गावांत जायचं. मळ्यांतून पळालेल्या गुलामांचे हे वंशज. त्यांनी इतकी झुंज दिली की 1762 मध्ये डचांना त्यांच्याशी तह करावा लागला. पुढे 1964 च्या अफोबाका धरणानं, ॲल्युमिनियमच्या विजेसाठी, त्यांची गावंच्या गावं पाण्याखाली घातली. त्या जलाशयात अजून झाडांचे मेलेले शेंडे वर आलेले दिसतात. आपल्याकडे कोयनेच्या काठची माणसं हे न सांगता समजून घेतील. गावाच्या वेशीवर ताडाच्या झावळ्यांचं तोरणासारखं असतं, वाईट शक्ती आत येऊ नयेत म्हणून, त्याच्या खालूनच आत जा. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, देवस्थानांचे तर अजिबात नको. दौरा गावकऱ्यांनीच चालवलेल्या मुक्कामाच्या जागी ठरवा, म्हणजे पैसा गावात राहतो.

नाव पाण्याला टेकून चालते आणि बसायला नुसती फळी असते. आईंसाठी पाठीला एक उशी न्या. बाबांचे गुडघे दुखत असतील तर नावाड्याला आधीच सांगून त्यांना पुढून दुसऱ्या फळीवर बसवा, तिथे पाय लांब करता येतात, आणि खडकांच्या धारेतून नाव चढवताना पुढे उभा राहिलेला माणूस नुसत्या हाताच्या खुणेनं मागच्याला वाट कशी दाखवतो तेही तिथूनच नीट दिसतं.