अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळायला निघण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतले कॉलेजचे खेळाडू लाखो डॉलर कमावतात, या बातम्यांवरून तुझ्या घरी हिशेब मांडायला सुरुवात झाली आहे. तो हिशेब आत्ता बाजूला ठेवा. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ‘हाउस’ खटल्यातली (खेळाडूंनी कमाईच्या हक्कासाठी, कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या एनसीएए या संस्थेवर भरलेला खटला) तडजोड मंजूर केली आणि १ जुलैपासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. २०२५-२६ साठी एका कॉलेजची कमाल मर्यादा होती सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. मात्र तडजोडीत जुन्या खेळाडूंसाठी ठरलेल्या भरपाईतला ७५ टक्क्यांच्या आसपास वाटा फुटबॉलला, १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला, ५ टक्के महिलांच्या बास्केटबॉलला आणि राहिलेले ५ टक्के बाकी सगळ्या खेळांना मिळून, असं सूत्र होतं. नव्या पैशांच्या वाटपातही बऱ्याच मोठ्या कॉलेजांनी जवळपास हेच सूत्र धरलं. टेनिस त्या शेवटच्या पाचात येतं.

तुला खरा फरक पडणार आहे तो स्कॉलरशिपमध्ये. पूर्वी डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, महिला टेनिस संघाला आठ स्कॉलरशिप देता येत. एखाद्या मुलीला थोडी मदत दिली तरी ती पूर्ण एक धरली जाई, त्यामुळे कोच सहसा पूर्णच देत. तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत ही मर्यादा गेली आणि रोस्टरची, म्हणजे संघातल्या एकूण खेळाडूंची, आली: टेनिसला दहा खेळाडू. दहाही जणींना पूर्ण स्कॉलरशिप देता येते, तशीच प्रत्येकीला तुकडा-तुकडाही देता येते. म्हणून कोच ‘स्कॉलरशिप आहे’ म्हणाले, की लगेच विचार: किती टक्के, त्यात कॉलेजची फी, राहणं, जेवण, पुस्तकं यांतलं काय काय, आणि किती वर्षांसाठी? लेटर ऑफ इंटेंटची, म्हणजे खेळाडू आणि कॉलेज एकमेकांना बांधून घेत त्या पत्राची, जुनी पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली. आता आर्थिक मदतीचा करार हाच तुझा कागद, तेव्हा त्यात लिहिलेलं नाही ते मिळणार आहे असं धरू नकोस.

संघाच्या लढतीत सिंगल्सला सहाच जणी उतरतात. एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा कॉलेज बदलता येतं, त्यामुळे त्या सहा जागांसाठी अठरा वर्षांच्या मुलीची गाठ बावीस-तेवीस वर्षांच्या मुरलेल्या खेळाडूशी पडते. गेल्या दोन वर्षांत ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) किती जणी घेतल्या आणि पहिल्या वर्षाच्या किती जणी सिंगल्स खेळल्या, हे कोचला ईमेलवर विचार. संघ टिकणार का, हेही विचार. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली या कॉलेजने मार्च २०२५ मध्ये जलतरणाचा संघच बंद केला आणि कारणांमध्ये या तडजोडीचा बोजाही सांगितला.

आता पात्रतेकडे वळू. आपल्याकडची मुलं सगळ्यात जास्त इथेच फसतात. आजवरचा डिव्हिजन वनचा मूळ नियम असा: पाच वर्षांत चार हंगाम. हे घड्याळ जगातल्या कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतला की सुरू होतं, पुण्यातल्या एफवायबीकॉमलाही. ‘वर्ष वाया नको’ म्हणून इथे नाव घालून ठेवायचं आणि मग अमेरिकेचं बघायचं, ही सवय महागात पडते. दुसरं घड्याळ फक्त टेनिसचं: शाळा संपल्यावर सहा महिन्यांची सवलत असते, त्यानंतर प्रवेश न घेता स्पर्धा खेळत राहिलीस तर हंगाम कापला जाऊ शकतो. या नियमांवर खटले चालू आहेत आणि ते बदलण्याच्या हालचालीही आहेत. म्हणून तू प्रवेश घेशील त्या वर्षी कुठला नियम लागू आहे, हे कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाकडून) लेखी घे. बक्षिसाची किती रक्कम घेतली तर पात्रता टिकते, हेही तसंच लेखी घे. प्रत्येक स्पर्धेची एंट्री फी, प्रवास, हॉटेल, कोच यांच्या पावत्या तारखेनिशी जपून ठेव. कमाईतून खर्च वजा दाखवायची वेळ आली की त्याच कामी येतात.

अभ्यासात एनसीएए नववी ते बारावीचे सोळा मुख्य विषय आणि किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) बघते. त्यातले दहा शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी झालेले लागतात. सॅट-एसीटीची अट २०२३ मध्ये गेली, तरी एखादं कॉलेज स्वतः मागू शकतं. वाणिज्य शाखेचे कुठले विषय मुख्य धरले जातात, ते एनसीएएकडे नोंदणीच्या वेळीच तपास.

आणि व्हिसा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत करता येतं. तिथल्या मैत्रिणी रॅकेट कंपनीसाठी रील करून पैसे घेतील. तेच तू अमेरिकेत केलंस तर ते काम ठरू शकतं आणि व्हिसा धोक्यात येतो. कॉलेजने थेट दिलेल्या वाट्याबद्दलही परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्पष्ट नियम नाही. केंटकी विद्यापीठाकडून खेळणारा काँगोचा बास्केटबॉलपटू ऑस्कर त्शिब्वे याने २०२२ मध्ये जाहिरातींचं काम संघाच्या बहामाच्या दौऱ्यात उरकलं, ते यासाठीच. तू सुट्टीत भारतात येऊन इथल्या ब्रँडचं काम करू शकशील. पण तेही आधी तुझ्या आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो दाखला) सही करणाऱ्या अधिकाऱ्याला आणि इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून, आणि कामाच्या वेळी तू भारतात होतीस याचा पुरावा ठेवून. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार असेल तर पाच कामकाजी दिवसांत ‘एनआयएल गो’ या, खेळाडूंचे जाहिरात-करार नोंदवायच्या संकेतस्थळावर नोंदवावा लागतो, काम भारतात झालं म्हणून सूट धरू नकोस.

कराचं थोडक्यात: फी आणि सक्तीच्या पुस्तकांपुरती स्कॉलरशिप करमुक्त असते. राहण्या-जेवणाच्या भागावर कर लागतो आणि साधारण १४ टक्के आधीच कापले जातात. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही. १०४०-एनआर हा परदेशी लोकांसाठीचा अमेरिकी करफॉर्म वेळेवर भरलास तर कापलेल्यातलं बरंचसं परत येऊ शकतं.

पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली, तेव्हा यातले पैसे नव्हतेच. चांगले कोर्ट, रोजच्या तगड्या लढती आणि पदवी एवढं घेऊन ती परतली आणि पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. तुझ्या यादीतली कॉलेजं याच तीन गोष्टींवर लाव. ऑफर आली की सही करण्याआधी करार आणि कोचच्या ईमेल मला पाठव. बाबांनाही सांग, एजंटला आगाऊ पैसे तोवर देऊ नका.

तुझा,
काका