बाबा म्हणतात, हे तर बी.एड.च!

प्रश्न : मी अंबाजोगाईची. मानसशास्त्रात बी.ए. केलंय. वर्षभरापासून वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी नोकरी करते, आयटीआयहून आलेल्या नव्या मुलांचं इंडक्शन, म्हणजे रुजू झाल्यावरचं सुरुवातीचं प्रशिक्षण घेते. अमेरिकेत जाऊन ह्यूमन रिसोर्स एज्युकेशनमध्ये मास्टर्स करावं वाटतं. बाबा म्हणतात, हे तर बी.एड.च, त्यासाठी दोन एकर वावर गहाण टाकायचं का?

उत्तर : बाबांचा गोंधळ साहजिक आहे. 1985 ते 2020 दिल्लीतलं शिक्षण खातंच मनुष्यबळ विकास मंत्रालय म्हणून ओळखलं जायचं! पण ही पदवी शाळेतल्या लेकरांसाठी नाही. कामावरच्या मोठ्या माणसांना काय शिकवायचं, कसं शिकवायचं आणि शिकवल्याने मशीनवर काही फरक पडला का, याचं ते शास्त्र. प्रशिक्षणाचा उपयोग मोजण्यासाठी अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिकने सांगितलेल्या चार पायऱ्या तिथे हमखास येतात : प्रशिक्षण आवडलं का, कळलं का, कामात उतरलं का, कंपनीला फायदा झाला का. इंडक्शन संपल्यावर तू जो फीडबॅक फॉर्म भरून घेत असशील, ती फक्त पहिली पायरी. बहुतेक कंपन्या तिथेच थांबतात.

शोधताना नावात अडकू नकोस. इलिनॉय विद्यापीठात पूर्वी ह्यूमन रिसोर्स एज्युकेशन असलेला विषय आता ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट या नावाने चालतो. आपल्याकडे जाहिरातीत एल अँड डी (लर्निंग अँड डेव्हलपमेंट) किंवा ट्रेनिंग लिहितात.

खरी अडचण वेगळीच आहे. वाळूज-शेंद्र्यात एचआरची जागा निघते ती बहुधा हजेरी, पगार, पीएफ, कंत्राटी कामगार आणि युनियन सांभाळायला. निव्वळ ट्रेनिंगचं खातं मोठ्या प्लांटमध्येच. मुलाखतीत कामगार कायदे विचारतात, ते अमेरिकेत कोण शिकवणार? कामगार कल्याण अधिकाऱ्याचंच बघ. 1948 च्या कारखाने कायद्यात 500 कामगार असतील तिथे हे पद सक्तीचं होतं, कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती याविषयीच्या 2020 च्या संहितेने तो आकडा 250 वर आणला. आणि या पदाला राज्याने मान्य केलेली पात्रता लागते.

म्हणून सातबारा तूर्त कपाटातच राहू दे. सीईटी देऊन एमबीए एचआर कर, किंवा मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या मनुष्यबळ व्यवस्थापन आणि कामगार संबंध या पदव्युत्तर कोर्ससाठी तयारी कर. (तुळजापूरचा कॅम्पस तुला जवळचा, पण हा कोर्स तिथला नव्हे. दरवर्षी कुणीतरी विचारतंच.) नोकरी सोडायची नसेल तर दिल्लीच्या इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंटची पदविका घरबसल्या करता येते. ही संस्था 1970 पासूनची आहे, आणि तिचा विषय नेमका तुझा आहे.

परदेशाचं दार बंद होत नाही. दोन-तीन वर्षांनी असिस्टंटशिप (विद्यापीठातच काम करून मिळणारी आर्थिक मदत) मिळत असेल तर खुशाल जा. अर्जात तेव्हा लिहायला काहीतरी हवं, ते आत्तापासून जमव. पुढच्या बॅचच्या आधी लाइनच्या सुपरवायझरकडून रिजेक्शनचा, म्हणजे बाद झालेल्या मालाचा, महिन्याचा आकडा मागून घे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा माग. तुझ्या शिकवण्याने फरक पडला का, ते त्यातून दिसेल. तो कुरकुरेल. चहा पाजून का होईना, आकडा घेच.