हेडसेट परत करायचेत, पण चेक त्यांच्या हातात आहे

प्रश्न : नाशिकला माझं ऑफिस आहे. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट फोनवर घेण्याचं काम आम्ही करतो. एका हॉलमध्ये १८ जण बसतात. नव्या जागेत आलो तेव्हा वायफाय आणि वायरलेस हेडसेट एकाच विक्रेत्याकडून घेतले. '१८ जण एका हॉलमध्ये दिवसभर फोनवर बोलणार आहेत, वायर नको, तुम्ही सुचवाल ते घेऊ' असं मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं. बिल ४,६८,४६० रुपयांचं झालं. ३,२०,००० दिले आणि उरलेल्या १,४८,४६० चा पुढच्या तारखेचा चेक दिला. वायफाय छान चालतं. हेडसेटचा आवाज तुटतो, काही तर जोडलेच जात नाहीत. खोक्यावर बारीक अक्षरांत 'फक्त अमेरिका व कॅनडात वापरासाठी' असं छापलेलं आहे. कोटेशनमध्ये 'भारतातली एक वर्षाची वॉरंटी' लिहिली होती, पण या मालाला भारतात वॉरंटी नाही असं कंपनीनं ईमेलनं कळवलं. माल आल्यावर आठव्या दिवशी मी 'बदलून द्या' असा मेसेज केला. विक्रेता म्हणतो, खोकी फोडली, आता माल परत नाही. चेक वटला नाही तर कलम १३८ ची फौजदारी केस करीन आणि एमएसएमई म्हणजे लघुउद्योगांच्या कायद्याचं तिप्पट व्याज लावीन. माल येऊन २३ दिवस झाले, चेकची तारीख १२ दिवसांवर आहे. तूर्त सहा हेडसेटवर कसंबसं भागवतोय. ग्राहक मंचात जाऊ का? चेक थांबवू का? आणि आता घ्यायचं तरी काय?

उत्तर : ताई, बाकीचं नंतर वाचा. ते सहा हेडसेट आधी काढून खोक्यांत ठेवा. आजच. पोरांना दोन दिवस साध्या वायरच्या हेडसेटवर बसवा, पण हे वापरू नका.

कारण सांगतो. माल विक्री कायदा, १९३० याच्या कलम ४२ प्रमाणे ग्राहकानं माल 'स्वीकारला' असं तीन प्रकारांनी ठरतं. तो स्वतः तसं कळवतो. किंवा माल ताब्यात आल्यावर आपण मालक असल्यासारखा वागतो. किंवा नाकारल्याचं न कळवता वाजवीपेक्षा जास्त दिवस माल ठेवून घेतो. रोज सकाळी तेच हेडसेट कानाला लावणं हा विक्रेत्याच्या वकिलासाठी आयता पुरावा आहे. 'माल खराब होता तर वापरत का होतात?' या एका प्रश्नावर चांगली प्रकरणं घसरलेली मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट तुमच्या मेसेजची. 'बदलून द्या' ही तक्रार झाली. माल नाकारला, असं त्यातून स्पष्ट होत नाही. म्हणून आता लेखी कळवा: अमुक तारखेला आलेले १८ हेडसेट ठरल्याप्रमाणे नाहीत, आम्ही ते नाकारत आहोत, तुमच्या मालकीचे समजून सांभाळून ठेवले आहेत, घेऊन जा. कुरिअरनं परत पाठवायची जबाबदारी तुमची नाही. कलम ४३ सांगतं की नाकारल्याचं कळवलं की पुरे. खोकी फोडल्याचा मुद्दाही मनातून काढा. मोहोरबंद खोक्यात हेडसेट चालतो की नाही हे कुणालाच कळणार नाही, आणि माल तपासण्याची वाजवी संधी मिळाल्याशिवाय तो स्वीकारला असं धरत नाहीत, हे कलम ४१ मध्येच आहे.

विक्रेता म्हणेल, वायफाय ठेवून घेतलंत, मग सगळाच व्यवहार स्वीकारलात. यात थोडं तथ्य आहे, म्हणून सावध करतो. करार वेगवेगळ्या भागांत विभागता येण्याजोगा नसेल आणि त्यातला काही माल स्वीकारला असेल, तर कलम १३ प्रमाणे माल परत करण्याचा हक्क जातो, फक्त नुकसानभरपाई मागता येते. पण कलम ३७ असंही सांगतं की ठरलेल्या मालात वेगळ्याच वर्णनाचा माल मिसळून दिला, तर ठरलेला ठेवून उरलेला नाकारता येतो. भारतातल्या वॉरंटीचे हेडसेट कबूल करून अमेरिकेसाठीचे देणं म्हणजे वेगळ्या वर्णनाचा माल देणं, असं मी न्यायालयात मांडीन. तुमच्या बिलावर दोन्हींच्या ओळी आणि किमती वेगळ्या आहेत, हा मोठाच आधार आहे.

त्या किमती मी मांडून पाहिल्या. वायफायचे चार अ‍ॅक्सेस पॉइंट, स्विच आणि केबलिंग मिळून २,२६,०००, वर १८ टक्के जीएसटी ४०,६८०, म्हणजे २,६६,६८०. हेडसेट ९,५०० प्रमाणे १,७१,०००, जीएसटी ३०,७८०, म्हणजे २,०१,७८०. तुम्ही दिलेल्या ३,२०,००० मधून वायफायचे पैसे पूर्ण फिटतात आणि वर ५३,३२० हेडसेटपोटी जातात. याचा अर्थ तो १,४८,४६० चा चेक निव्वळ हेडसेटचा आहे. नोटिशीत हा हिशेब रुपयासकट लिहायचा. पुढचं सगळं प्रकरण या एका परिच्छेदावर उभं राहील.

आता हेडसेटकडे येऊ. आवाज नेमका कशानं तुटतो ते तंत्रज्ञ सांगेल, पण त्या खोक्यावरची ओळ मला जास्त गंभीर वाटते. वायफाय आणि ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात तो आपल्याकडे ठरावीक शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ च्या अधिसूचनेनं तसेच मोकळे झाले. ऑफिसांत वापरतात त्या डेक्ट (कॉर्डलेस फोनचं रेडिओ तंत्र) प्रकारच्या हेडसेटचं तसं नाही. त्यांची अमेरिकेसाठीची आवृत्ती १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालते. भारतात १९२० ते १९८० हा पट्टा मोबाइल कंपन्यांचा, हँडसेटकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींचा आहे. तुमचे हेडसेट डेक्टचे आहेत का, हे खोक्यावर किंवा चार्जिंगच्या बैठकीखाली छापलेलं सापडेल. असतील, तर १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत सूत्र एकच आहे: परवाना किंवा सूट नसलेलं रेडिओ उपकरण बाळगता येत नाही. ते बंद ठेवायला सांगण्याचं हे दुसरं कारण. विक्रेत्याकडे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचं 'इक्विपमेंट टाइप अ‍ॅप्रूव्हल', म्हणजे उपकरणाच्या मंजुरीचा दाखला, लेखी मागा. भारतात रीतसर आणलेल्या वायरलेस मालाला ते असतं.

शिवाय बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं बघा. वायरलेस हेडफोन आणि इयरफोन सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहेत. मालावर किंवा खोक्यावर मानक चिन्ह आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा क्रमांक लागतो. बीआयएस केअर या अ‍ॅपवर तो क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. क्रमांकच नसेल तर असा माल विकणं हा २०१६ च्या बीआयएस कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो विकणाऱ्याचा. आयातदाराचं नाव-पत्ता खोक्यावर आहे का तेही पाहा. या तीन कागदांची मागणी नोटिशीत केली की विक्रेत्याचा सूर बहुधा बदलतो. मात्र 'पैसे द्या, नाहीतर तक्रार करतो' असं वाक्य कुठेही लिहू नका, तोंडानंही बोलू नका. तक्रार करायची तर करावी, तिचा सौदा करू नये.

'तुम्ही सुचवाल ते घेऊ' या तुमच्या मेसेजला मी फार किंमत देतो. माल विक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे खरेदीचं कारण विक्रेत्याला सांगितलं आणि त्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली, तर माल त्या कामाला योग्य असेल ही अट न लिहिताही करारात येते. ग्राहकानं ठरावीक ब्रँडचं नाव घेऊन माल मागितला तर मात्र हे संरक्षण सुटू शकतं, आणि विक्रेते नेमकं तेच बोट दाखवतात. १९२५ चा इंग्लंडमधला बाल्ड्री विरुद्ध मार्शल हा खटला इथे सांगण्यासारखा आहे. एका गृहस्थांनी आरामदायी, फिरायला योग्य अशी मोटार मागितली. विक्रेत्यानं बुगाटी सुचवली. ती त्या कामाची नव्हती. करारात मोटारीचं नाव लिहिलं होतं तरी न्यायालयानं ग्राहकाची बाजू घेतली, कारण निवड विक्रेत्याच्या सल्ल्यानं झाली होती. आपलं कलम त्याच इंग्लिश कायद्याच्या वळणाचं आहे.

आता चेक. तुमची खरी जोखीम इथे आहे. 'स्टॉप पेमेंट' केलं की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ (चेक न वटण्याचा गुन्हा) लागत नाही, हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये मोदी सिमेंट्सच्या निकालात सांगितलं की पैसे थांबवण्याची सूचना देऊन परत गेलेला चेकही या कलमात येतो. पण २००२ च्या एमएमटीसी विरुद्ध मेडचल या निकालानं दारही उघडं ठेवलं: खात्यात पुरेसे पैसे होते आणि देणंच उरलं नव्हतं म्हणून थांबवलं, हे दाखवता आलं तर गुन्हा होत नाही. ते दाखवण्याचा भार तुमच्यावर, पण तो संशयातीत पुराव्याचा नाही. न्यायाधीशाला तुमची बाजू अधिक संभवनीय वाटली पाहिजे, इतकाच.

म्हणून क्रम महत्त्वाचा. माल नाकारल्याची नोटीस आधी, चेकच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी पोचायला हवी. तिच्यात लिहा की हा चेक हेडसेटपोटी होता, देणं उरलेलं नाही, चेक परत करा, बँकेत टाकू नका. मग बँकेला कारणासह थांबवण्याचं पत्र आणि त्याची पोच. आणि चेकच्या तारखेपासून पुढचे तीन महिने, म्हणजे चेक टाकता येतो तोवर, त्या खात्यात १,४८,४६० च्या वरच शिल्लक राहू द्या. पगाराच्या दिवशीसुद्धा. शिल्लक कमी पडली की तुमची बाजू अर्ध्यानं ढासळते. चेक परत गेला तर ३० दिवसांत ते नोटीस देऊ शकतात. त्या नोटिशीला १५ दिवसांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे. गप्प बसू नका.

फिर्याद होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. होऊ शकते, समन्स येईल, हजर राहावं लागेल. ते नकोच असेल तर 'हक्क राखून' असं लेखी कळवून पैसे देता येतील, पण मग २,०१,७८० वसूल करायला दिवाणी दावा तुम्हाला लावावा लागेल. माझं मत विचाराल तर थांबवा. कागद तुमच्या बाजूचे आहेत, आणि माल विक्री कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे सदोष मालाची भरपाई किमतीतूनच वळती मागता येते. उरलेल्या पैशांसाठी कोर्टाची पायरी त्यांना चढू द्या.

तिप्पट व्याजानं घाबरू नका. लहान उद्योगांचे पैसे उशिरा दिल्याबद्दल एमएसएमई कायद्यानं लागणारं ते व्याज बँक दराच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढ असतं, हे खरं. पण माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती दूर होईपर्यंत माल स्वीकारल्याचा दिवसच उजाडत नाही, असं त्याच कायद्याच्या व्याख्येत आहे. तुम्ही आठव्या दिवशी लिहिलंत. इलेक्ट्रॉनिक मजकुराला लेखीचा दर्जा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं दिला आहे. शिवाय निव्वळ व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून सरकारी नोंद) खुली झाली ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतीच, म्हणून विक्रेता निव्वळ व्यापारी असेल तर हे व्याज मागण्याचा त्याचा हक्कच वादात येतो.

ग्राहक आयोगात मात्र जाऊ नका. २०१९ च्या कायद्यानुसार व्यापारी कामासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार 'ग्राहक' नसतो. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सूट आहे. स्वतः काम करणारा आणि एखाददुसरा मदतनीस ठेवणारा त्यात बसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात सांगितलं. १८ जणांचं ऑफिस त्यात बसवणं कठीण, आणि त्या वादातच वर्ष-दोन वर्षं जातील. ५३,३२० साठी दिवाणी न्यायालयात तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावता येतो. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तडजोडीसाठी अर्ज करून पाहा.

पुराव्याचं काम शनिवारीच उरका. प्रत्येक खोक्याच्या सहा बाजूंचे फोटो, अनुक्रमांकांची यादी, कंपनीचा ईमेल, कोटेशन, बिल. व्हॉट्सअ‍ॅपचं पूर्ण संभाषण काढून ठेवा, आणि प्रकरण चालू आहे तोवर तो फोन विकू किंवा पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागेल तेव्हा मूळ फोन हवा. तुमच्या सीएंनाही कळवा: हेडसेटवरच्या ३०,७८० जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर क्रेडिट नोट आल्यावर ते उलटवावं लागेल.

नवीन काय घ्यायचं? मी तंत्रज्ञ नाही, पण अशी प्रकरणं हाताळून एक गोष्ट शिकलो. जे जागेवरून उठतच नाहीत त्यांना चांगला वायरचा यूएसबी हेडसेट द्या. त्यात ना लहरींचा गोंधळ, ना परवान्याचा प्रश्न. उठून फिरावं लागतं त्या दोघा-चौघांनाच ब्लूटूथचे घ्या आणि वायफायवाल्याला कॉम्प्युटर ५ गिगाहर्ट्झवर बसवायला सांगा. २.४ मध्ये वायफायला एकमेकांवर न चढणारे जेमतेम तीन चॅनल मिळतात, आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात उड्या मारत असतं.

पर्चेस ऑर्डरवर नुसतं मॉडेल लिहू नका. 'एका हॉलमध्ये १८ जण एकाच वेळी अमुक सॉफ्टवेअरवर आठ तास बोलतील' हे वाक्य त्यात हवंच. आधी दोन नग आठवडाभर चालवून बघायचे, बीआयएस क्रमांक आणि टाइप अ‍ॅप्रूव्हल कोटेशनसोबत, वॉरंटी कंपनीची आणि तुमच्या ऑफिसच्या नावावर, शेवटचे ३० टक्के चाचणी पार पडल्यावर. आणि पुढच्या तारखेचा चेक द्यायचा नाही.

नोटीस सोमवारी स्पीड पोस्टनं पोच-पावतीसह पाठवा, तिचीच प्रत त्याच दिवशी ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. बँकेचं पत्र नोटीस पोचल्याचं दिसल्यावर. स्थानिक वकिलांना मसुदा दाखवाल तेव्हा वरचा हिशेब आणि खोक्याचा तो फोटो सोबत न्या.