पॅकेज काढून टाकले, एवढ्याने भागेल का?

प्रश्न : आमची नाशिकमध्ये वेब-अ‍ॅप्लिकेशन तयार करणारी छोटी कंपनी आहे. एनपीएमवरील (जावास्क्रिप्टच्या तयार कोडचे सार्वजनिक भांडार) एका पॅकेजच्या नव्या आवृत्तीत मालवेअर असल्याचे जाहीर झाले, तेव्हा दोन सहकाऱ्यांच्या लॅपटॉपवर आणि बिल्ड सर्व्हरवर (कोडपासून अ‍ॅप्लिकेशन तयार करणाऱ्या संगणकावर) ती आवृत्ती इन्स्टॉल झालेली होती. आम्ही पॅकेज काढून सुधारित आवृत्ती टाकली. अँटिव्हायरसच्या तपासणीत काही आढळले नाही. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. पॅकेज इन्स्टॉल होत असतानाच त्यातील स्क्रिप्ट तुमच्याच अधिकारांनिशी चालू शकते. त्यामुळे तुमच्या प्रोग्रॅमने ते प्रत्यक्ष वापरले होते की नाही, याने काही फरक पडत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘यूए-पार्सर-जेएस’ या आठवड्याला लाखो वेळा डाउनलोड होणाऱ्या पॅकेजच्या लेखकाचे खाते बळकावून ०.७.२९, ०.८.० आणि १.०.० अशा तीन आवृत्त्या परस्पर प्रसिद्ध करण्यात आल्या. लिनक्सवर त्यांची स्क्रिप्ट क्रिप्टो चलनाचे मायनिंग सुरू करी. विंडोजवर त्याच्या जोडीला पासवर्ड चोरणारी डीएलएल (विंडोजवर चालणाऱ्या कोडची) फाइलही उतरवून घेई. सुधारित आवृत्त्या लगोलग आल्या, तरीही कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबच्या इशाऱ्यात बजावले होते की, तो संगणक पूर्णपणे परक्याच्या ताब्यात गेला आहे असे समजावे आणि त्यावरील सर्व किल्ल्या (पासवर्ड, टोकन वगैरे) दुसऱ्या संगणकावरून बदलाव्यात. घाईत नेमके हेच राहून जाते. त्याच लॅपटॉपवर बसून बदललेला पासवर्ड चोराला आयता मिळतो.

तेव्हा तिन्ही यंत्रे आधी नेटवर्कपासून तोडावीत. मग स्वच्छ संगणकावरून सर्वप्रथम एनपीएम व गिटहबची टोकन (पासवर्डऐवजी चालणारे गुप्त संकेत) रद्द करावीत. सप्टेंबर २०२५ मधील ‘शाय-हुलुद’ या वर्मने (आपोआप पसरणाऱ्या मालवेअरने) चोरलेल्या टोकनांच्या बळावर त्या त्या लेखकांच्या इतर पॅकेजांतही शिरकाव केला होता. म्हणजे इथे दिरंगाई झाली, तर तुमच्याच नावाने मालवेअर इतरांपर्यंत पोहोचते. त्यानंतर क्लाउड, एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरण्याची सोय) व डेटाबेसच्या किल्ल्या आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बदलावेत. नवी किल्ली तयार केली म्हणून जुनी आपोआप बंद होत नाही, ती आठवणीने रद्द करावी आणि मधल्या काळात ती कोठून वापरली गेली, हे लॉगमध्ये पाहावे. पुराव्यासाठी डिस्कची प्रत काढून यंत्रांवर ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकावी, कारण स्क्रिप्ट काम उरकून स्वतःला पुसून टाकू शकते आणि अशा वेळी अँटिव्हायरसच्या निर्वाळ्याला फारसा अर्थ उरत नाही. त्या काळात बनलेल्या डॉकर इमेज (अ‍ॅप्लिकेशनचे चालवायला तयार गठ्ठे) आणि एनपीएमची कॅशही (संगणकावर साठून राहिलेल्या पॅकेजच्या प्रती) टाकून द्यावी.

एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणे कंपन्यांना बंधनकारक आहे, कळवले नसेल, तर आजच कळवावे.

पुढे बिल्ड सर्व्हरवर ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा वापरावी, म्हणजे लॉक फाइलमध्ये (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) नोंदलेलीच आवृत्ती येईल, आणि इन्स्टॉल-स्क्रिप्ट बंद ठेवाव्यात. मात्र २०१८ च्या ‘इव्हेंट-स्ट्रीम’ प्रकरणात घातक कोड इन्स्टॉल-स्क्रिप्टमध्ये नव्हता, एका उपपॅकेजच्या मूळ कोडमध्ये दडवलेला होता. तो या उपायाने अडला नसता.