‘की नॉट डिटेक्टेड’ येतंय म्हणून लगेच नवी किल्ली घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी चार वर्षांची, बटन स्टार्ट. पंधरा दिवसांपासून दाराच्या हँडलचं बटन कधी चालतं, कधी नाही. आत बसल्यावर अधूनमधून ‘की नॉट डिटेक्टेड’ येतं. एकाने नवी किल्ली घ्यायला सांगितली, दुसरा स्वस्तात डुप्लिकेट करून देतो म्हणाला. शिवाय चोरी टाळायला रात्री किल्ली स्टीलच्या डब्यात ठेवावी का, हेही विचारलंय.

नवी किल्ली आत्ता नको. आधी किल्लीतलं नेमकं काय बंद पडतंय ते बघा, कारण त्या एका प्लॅस्टिकच्या तुकड्यात तीन वेगवेगळी यंत्रं आहेत आणि ती एकाच वेळी बिघडतील असं नाही.

पहिलं म्हणजे साधा रिमोट. लॉक-अनलॉकची बटनं दाबली की किल्ली ४३३.९२ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवते. हा लांबवर जातो आणि दर वेळी कोड बदलतो. दुसरं, खिशातून ओळख देणारा भाग. इथे हाक आधी गाडी मारते. हँडलमधल्या आणि केबिनमधल्या अँटेना १२५ किलोहर्ट्झच्या आसपास क्षीण चुंबकीय लहरी सोडतात. त्या मीटर-दीड मीटरच्या पुढे जवळपास पोचत नाहीत. किल्ली ती हाक ऐकते आणि उत्तर मात्र रिमोटच्याच ४३३वर देते. तिसरं यंत्र म्हणजे इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची चिप. तिला सेल लागतच नाही, स्टार्ट बटनाजवळच्या कॉइलमधून तिला वीज मिळते, पण त्यासाठी किल्ली दोन-चार सेंटिमीटरवर असावी लागते.

आता तपासणी. पार्किंगमध्ये पंचवीस पावलं लांब उभे राहून किल्लीवरचं अनलॉक दाबा. लांबून चालत नाही, जवळ गेल्यावर चालतं, तर सेल उतरलाय. लांबून बटन व्यवस्थित चालतं पण हँडल दाद देत नाही, तर रिमोट आणि सेल दोन्ही बहुधा ठीक आहेत. मग संशय हँडलच्या स्विचवर किंवा त्यातल्या अँटेनावर. अशा वेळी चालकाचं दार, डाव्या बाजूचं दार आणि डिकी तिन्हीकडे करून बघा. एकाच दाराशी अडत असेल तर दोष त्या दाराचा, किल्लीचा नाही. पावसाळ्यात हँडलच्या स्विचमध्ये पाणी जाऊन असं होतं आणि ऊन पडलं की आपोआप सुरळीतही होतं.

कपाटातली दुसरी किल्ली काढा आणि हेच सगळं तिच्यावर करा. (ती चार वर्षं वापरली नसेल, तर आधी तिचा सेल बदला.) दोन्ही किल्ल्या सारखाच त्रास देत असतील तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६च्या आसपास हवी. १२.२ म्हणजे निम्मी उतरली, १२च्या खाली म्हणजे संपलीच. बॅटरी दमली की बटन स्टार्टच्या गाड्या काहीही मेसेज दाखवतात, आणि त्यात किल्ली सापडत नाही हा मेसेज हमखास असतो.

मेसेज ‘अधूनमधून’ येतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक विचारतो. तेव्हा किल्ली कुठे असते? गिअरच्या पुढच्या वायरलेस चार्जरवर, किंवा त्याला लागून? तो चार्जर साधारण ११० ते २०५ किलोहर्ट्झवर चालतो, म्हणजे गाडीची १२५ची हाक नेमकी त्याच गोंगाटात बुडते. मोबाइलला चिकटून एकाच खिशात ठेवलेली किल्ली, पॉवर बँकेच्या कप्प्यातली किल्ली, नाण्यांच्या पर्समधली किल्ली, सगळ्यांची तीच गत. आठवडाभर मोबाइल एका खिशात आणि किल्ली दुसऱ्या खिशात ठेवून बघा. फुकटचा उपाय आहे.

सेलचं जरा सविस्तर सांगतो, कारण गडबड बहुतेक इथेच होते. बऱ्याच किल्ल्यांत सीआर २०३२ असतो: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. दुकानदार कधी कधी सीआर २०२५ देतो, ‘एकच आहे’ म्हणून. व्होल्टेज एकच असतं, पण तो २.५ मिलिमीटर जाड, म्हणजे ०.७ कमी. पट्टीला नीट टेकत नाही, मग किल्ली आपटली की चालते आणि पुन्हा बंद. खाली कागद किंवा चांदीचा कागद घालायचा जुगाड करू नका. जुन्या सेलवर कोरलेला नंबर वाचा आणि तोच घ्या. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळेल, पण सुटा नको, तारीख छापलेल्या बंद पाकिटातलाच घ्या.

मल्टिमीटरवर नवा सेल ३.२ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. मात्र नुसत्या मोजण्यावर विसंबू नका. लिथियमचा सेल अगदी शेवटापर्यंत ३च्या आसपास दाखवत राहतो आणि किल्लीने संदेश पाठवायला करंट ओढला की कोसळतो. घरात ३३० ओहमचा रेझिस्टर असेल तर तो सेलच्या दोन टोकांना दोन सेकंद लावून त्याच वेळी मोजा, साधारण नऊ मिलिअँपिअरचा भार पडतो. आकडा २.७च्या खाली गेला तर सेल टाकून द्या.

बदलताना आधी किल्लीतलं धातूचं पातं काढा. त्या खाचेत कापड गुंडाळलेला चपटा पेचकस घालून हलकेच पिळा, दोन भाग सुटतात. नखाने कडेकडेने उचकटलं तर आतलं रबर फाटतं आणि पुढच्या पावसात पाणी आत जातं. अधिकची बाजू कुठे आहे त्याचा आधी फोटो काढा. सेल कडेने धरा, दोन्ही चपट्या बाजूंना बोटांचं तेल लागू देऊ नका. धातूचा चिमटा नको, दोन्ही टोकं जुळून सेल शॉर्ट होतो. नवा सेल टाकूनही किल्ली मेलेलीच वाटली तर सेलवर कडू लेप आहे का बघा. लहान मुलांनी तोंडात घातला तर थुंकावा म्हणून काही सेलवर तो देतात, आणि काही किल्ल्यांत नेमका तोच लेप संपर्क अडवतो. दुसऱ्या कंपनीचा सेल घालून बघा. जुना सेल मात्र लगेच मुलांच्या हातापासून दूर ठेवा. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, तिथे थांबून बघू म्हणायची सोय नाही. सेल बदलल्यावर किल्ली पुन्हा प्रोग्रॅम करावी लागते हा गैरसमज आहे. साधारणतः तिची ओळख सेल काढला तरी पुसली जात नाही.

ताम्हिणीत किंवा सिंहगडावर सेल अचानक मेला, तरी तुम्ही अडकत नाही. किल्लीतलं पातं काढा. चालकाच्या हँडलला बारीक फट असलेलं झाकण असतं, त्याखाली कुलूप आहे. पात्याने दार उघडलं की अलार्म वाजू शकतो, घाबरू नका. आत बसा, ब्रेक दाबा (मॅन्युअल असेल तर क्लच) आणि किल्ली स्टार्ट बटनाला टेकवून चालू करा. ह्युंदाई-कियाच्या अनेक गाड्यांत बोटाऐवजी किल्लीनेच बटन दाबायचं असतं. काही गाड्यांत कन्सोलमध्ये खास जागा असते. हे तुमच्या पुस्तिकेत आजच बघून ठेवा. किल्ली टेकवूनही गाडी ओळखत नसेल, तरच चिपचा किंवा गाडीतल्या कॉइलचा प्रश्न.

पाण्यात पडली तर एकही बटन न दाबता सेल आधी काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सावलीत वाळवा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, उलट कोंडा आत जातो.

आता डुप्लिकेट. पातं कापून देणं वेगळं आणि गाडीने ती किल्ली ओळखणं वेगळं. स्मार्ट किल्ली गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते. त्या वेळी बऱ्याच गाड्यांत असलेल्या सगळ्या किल्ल्या समोर लागतात, नसलेली यादीतून पुसली जाते. दुसऱ्या गाडीची वापरलेली किल्ली बहुधा कायमची कुलूपबंद असते, पुन्हा नोंदता येत नाही. अमेरिकेहून भाच्याने पाठवली तर ती बहुधा ३१५ मेगाहर्ट्झची निघेल, आपल्याकडची गाडी ती ऐकणारच नाही. ज्याला गाडी एकटी सोपवून जावं लागेल अशा माणसाकडून डुप्लिकेट तर नकोच. आणि कधी किल्ली हरवलीच, तर पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद करा आणि हरवलेली किल्ली यादीतून काढून घ्या. पुढे चोरीचा दावा करायची वेळ आली, तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. पुसलेल्या किल्लीचं पातं तरीही दार उघडतं, हे विसरू नका.

डब्याचा प्रश्न रास्त आहे. रिले चोरीत कोड फोडत नाहीत. एक जण तुमच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी, आणि दोघांकडची यंत्रं गाडीची हाक किल्लीपर्यंत आणि उत्तर गाडीपर्यंत वाहून नेतात. गाडीला वाटतं मालक जवळच आहे. बदलता कोड इथे काहीच करत नाही. झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलवर हे करून दाखवलं होतं. नव्या अल्ट्रा वाइडबँड किल्ल्या संदेशाला लागलेला वेळ मोजून अंतर ठरवतात, त्यांना असं फसवणं फार अवघड. तुमची गाडी त्यातली नसेल तर डबा चालेल, पण झाकण घट्ट हवं. ढिलं झाकण असेल तर डबा कुचकामी. किल्ली डब्यात घालून डबा हातात घेऊन गाडीपाशी जा आणि हँडल दाबा. उघडली, तर डबा बदला. काही टोयोटा गाड्यांत लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की किल्ली ऐकणंच बंद करते, तेही सोयीचं. काही का असेना, किल्ली दाराशेजारच्या खुंटीला नको. गाडी भिंतीपलीकडेच उभी असेल तर किल्ली रात्रभर तिच्या हाकेला ओ देत बसते आणि सेलही लवकर संपतो.

एक वेगळी फजिती सांगून ठेवतो. चालू गाडीतून किल्ली बाहेर गेली तरी इंजिन बंद पडत नाही, फक्त बीप वाजते. लोहगावला विमानतळावर यजमान उतरतात, किल्ली त्यांच्या खिशात, ताई गाडी घेऊन घरी निघतात. वाटेत पेट्रोलला बंद केली की संपलं, किल्ली दिल्लीला. उतरताना बीप वाजली तर आधी खिसे तपासा.

पंचवीस पावलांवरून काय झालं आणि दुसऱ्या किल्लीने काय झालं, हे दोन लिहा. मग दाराची अँटेना तपासायची की नाही ते सांगतो.