यात्रा कुठे काढायची, कोणासाठी काढायची : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या पॅरिशतर्फे (म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे) यंदा यात्रा काढायचं ठरलंय, पन्नासेक माणसं होतील असं सगळे म्हणतात. पण ठिकाणावरून नुसता गोंधळ चाललाय. पॅरिश कौन्सिलवाले म्हणतात वेलांकणी आणि तेही ऐन सणाला, पोरापोरींचा ग्रुप म्हणतो जुनं गोवं म्हणजे बीचही होईल, आणि आमच्या आज्या-मावश्या एकच धरून बसल्यात की आम्हाला हरेगावला मतमाऊलीकडे, म्हणजे मरियेच्या देवळात न्या, बाकी काही नको. फादर म्हणाले तुम्हीच ठरवा. त्यात मागच्या वेळच्या पैशांवरून दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. मी महिला मंडळाची सेक्रेटरी, म्हणून सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात. काय करू?
– एक भगिनी, नाशिकरोड

उत्तर : फादरांनी तुमच्यावर सोपवलं ते बरंच केलं. त्यांनी एक नाव घेतलं असतं तर बाकीचे दोन गट तेव्हा गप्प बसले असते आणि ऐनवेळी नावं काढून घेतली असती.

माझं ऐकाल तर आधी ठिकाण ठरवूच नका, आधी माणसं मोजा. येत्या रविवारी मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) सुटल्यावर दारात वही घेऊन बसा. नाव, वय, गुडघे-बीपी-शुगरचं काय ते, घरचा एक मोबाईल नंबर, आणि पाचशे रुपये अॅडव्हान्स. पैसे ठेवल्याशिवाय नाव लिहायचं नाही, मग तो कौन्सिलचा मेंबर का असेना. पन्नासची संख्या तिथेच खाली येते बघा, आणि उरलेल्या यादीत साठीच्या पुढचे किती ते दिसलं की ठिकाणाचा वाद निम्मा मिटतो. यात्रा ज्यांच्या पायांनी व्हायचीय त्यांना कोणी विचारतच नाही, मीटिंगमध्ये बोलतात ते सगळे धडधाकट.

आता एकेक बघू. वेलांकणीचा सण २९ ऑगस्टला झेंडा चढवून सुरू होतो तो ८ सप्टेंबरपर्यंत, आणि त्या दिवसांत तिथे एवढी गर्दी असते की म्हाताऱ्या माणसाला धरून चालणंसुद्धा कठीण. शिवाय नाशिकहून गाडी बदलत तमिळनाडूच्या पार त्या टोकाला नागपट्टिनमकडे जायचं, म्हणजे जाण्यायेण्यातच तीन-चार दिवस मोडणार. रेल्वेचं अॅडव्हान्स बुकिंग पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आणलंय, म्हणजे सणाची तिकिटं जूनच्या शेवटी शेवटी काढायला लागतात. ज्येष्ठांची तिकिटातली सूट मार्च २०२० मध्ये बंद झाली, पण हे कितीतरी जणांच्या अजून गावी नसतं आणि बजेट तिथेच कोसळतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, एका तिकिटावर सहा जणांची नावं घातली की म्हाताऱ्यांना लोअर बर्थचा कोटा लागू होत नाही. दोन-दोन आज्यांचं वेगळं तिकीट काढा, नाहीतर बहात्तर वर्षांच्या बाईला वरच्या बर्थवर कोण चढवणार? कौन्सिलला वेलांकणीला जायचंच असेल तर जानेवारीत न्या, तीच माऊली आणि तेच देऊळ.

गोव्याचं सोपं आहे. मंगला एक्सप्रेस नाशिकरोडहून थेट मडगावला जाते, मध्ये बदलाबदली नाही. फक्त जुन्या गोव्यातलं संत फ्रान्सिस झेवियरचं शरीर जवळून दिसेल असं कोणी कबूल करत असेल तर त्याला थांबवा. दर दहा वर्षांनी ते खाली आणतात, मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ होतं, तेव्हा आता ते वर बॅसिलिकात पेटीतच आहे. ३ डिसेंबरच्या सणाआधी २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना असते, त्या दिवसांत गेलात तर यात्रा यात्रेसारखी वाटेल. आणि पोरांनी बीचचं नाव काढलं म्हणून एवढं कशाला चिडायचं? मिस्सा करून संध्याकाळी पाण्यात गेली तर काय बिघडलं, निदान ती येतायत तरी.

पण तुमच्या यादीत म्हाताऱ्या बायका जास्त निघाल्या (आणि त्याच निघणार) तर यंदा हरेगावच करा असं मी म्हणेन. श्रीरामपूर तालुक्यातली ही यात्रा १९४९ पासून भरतेय, म्हणजे तुमच्या आज्यांपैकी काही जणी आईच्या कडेवर बसून तिथे गेलेल्या असणार, त्यांचा हट्ट त्याचा आहे. नाशिकहून सिन्नर-शिर्डीवरून शे-सव्वाशे किलोमीटर, पहाटे निघालं तर रात्री घरी. रेल्वेने जाणारे असतील तर श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव बेलापूर आहे हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऑनलाईन तिकीट काढताना एखादा पोरगा नवी मुंबईचं बेलापूर काढून मोकळा होतो. एसटीने गेलात तर बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढे फुकट, फक्त ओळखपत्र कंडक्टरला दाखवावं लागतं तेव्हा ते पिशवीच्या तळाशी ठेवू नका. अख्खी बस प्रासंगिक करारावर घेणार असाल तर मात्र या सवलती धरून हिशोब करू नका, डेपोत जाऊन लेखी रेट घ्या. ही यात्रा सप्टेंबरात, म्हणजे पाऊस, आणि तिथली काळी माती एकदा चपलेला धरली की पाय उचलवत नाही, म्हणून सगळ्यांना मागे पट्टा असलेल्या सॅंडल आणि आज्यांना काठी, हे आग्रहाने सांगा. फोल्डिंगच्या दोन-चार खुर्च्या टाकून घ्या, मिस्सा उघड्यावर लांबते.

पुढच्या वर्षावर ढकलणार असाल तर कॅलेंडर बघून ढकला. २०२७ मध्ये कुंभमेळ्याचं रामकुंडावरचं तिसरं अमृत स्नान ११ सप्टेंबरला आहे, मतमाऊलीच्या ८ सप्टेंबरच्या सणानंतर तीनच दिवसांनी. तेव्हा नाशकात ना बस मिळेल ना ड्रायव्हर.

राहिले पैसे. मागचं भांडण हे चोरीचं नसणार, हिशोब कोणी सांगितलाच नाही याचं असणार, बहुतेक ठिकाणी तसंच असतं. यावेळी पैसे दोघींच्या सहीने ठेवा आणि त्या दोघी एकाच गल्लीतल्या नकोत. बस, जेवण, फादरांना मिस्सासाठी दिलेलं, ड्रायव्हरची बक्षिसी, सगळं परत आल्यावर आठ दिवसांत नोटीस बोर्डावर लावा, उरलेले पैसे माणशी चाळीस रुपये आले तरी परत करा. "देवाच्या कामाला ठेवून घेतले" हे वाक्य कोणीही उच्चारायचं नाही. आणि त्या न बोलणाऱ्या दोन घरांपैकी एकाला चहा-नाश्त्याचं काम द्या आणि दुसऱ्याला बसमधल्या हजेरीचं, मुद्दाम समेट घडवायला जाऊ नका.

प्रश्न : मी कॅथलिक, माझे मिस्टर शरणपूरच्या बाजूच्या प्रोटेस्टंट मंडळीतले. ते पण यात्रेला येतो म्हणतात, पण सासूबाई म्हणतात मरियेसमोर मेणबत्ती लावायला माझा मुलगा जाणार नाही. त्यांना प्रसादविधी घेता येईल का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : यायला कोणाची ना नाही. कॅथलिक मिस्सात कम्युनियन (प्रसादविधी) साधारणपणे कॅथलिकांनाच देतात, तेव्हा मिस्टरांनी त्या वेळी बाकावर बसून राहावं, त्यात अपमान काही नाही, आणि शंका असेल तर फादरांना आधी फोन करावा, रांगेत उभं राहून विचारू नये. मेणबत्ती लावायची सक्ती कुठेच नसते. सासूबाईंना सांगा, तो बायकोची पिशवी धरायला चाललाय.

प्रश्न : आईला पाच-सहा तासांपेक्षा जास्त प्रवास झेपत नाही. नाशकातल्या नाशकात काही करता येईल का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : येईल की, आणि छान होईल. सकाळी नाशिकरोडला बाळ येशूच्या देवळात मिस्सा, मग त्र्यंबक नाक्याचं होली क्रॉस, आणि दुपारी शरणपूर. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो पण तिथे काय घडलं ते मुलांना कोणी सांगत नाही. १८५४ च्या सुमाराला चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी तिथे ख्रिस्ती वसाहत उभी केली, अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, त्या दफनाच्या प्रार्थना या नाशिकच्या पोराने वाचल्या, त्या झाडावर नाव कोरलं, आणि शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेत शवपेटीबरोबर तो उभा होता. आईला रिक्षात बसवून एवढं सांगत फिरवा. बरोबर नातवंडं घ्या, ती गोष्ट त्यांच्यासाठी आहे.

प्रश्न : आमचं घर बाळ येशूच्या देवळाजवळ. फेब्रुवारीत यात्रेला मुंबई-वसईचे पाहुणे न सांगता येतात, घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. नाही कसं म्हणायचं?
– त्रस्त, नेहरूनगर

उत्तर : नाही म्हणूच नका, यात्रा दुसऱ्या शनिवार-रविवारी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा नाताळच्या शुभेच्छांच्या मेसेजमध्येच लिहून टाका की आमच्याकडे शनिवारी रात्री आठ माणसांची सोय आहे, जे आधी कळवतील ते आत. उरलेल्यांना दुपारचं जेवण आणि बाथरूम एवढं द्या. गाड्या मात्र लांब लावून रिक्षाने या म्हणून सांगा, तुमच्या गेटसमोर लावली तर दूधवाला दोन दिवस आत येणार नाही.