कबुलीजबाबाखालची सही

प्रश्न असा आला आहे: ‘सेलममधल्या १६९२ च्या चेटूक-खटल्यांवरच्या आर्थर मिलरच्या “द क्रुसिबल” नाटकाचं मराठीत वाचन करतोय. शेवटच्या अंकात जॉन प्रॉक्टर जीव वाचवण्यासाठी आपण सैतानाशी संधान बांधल्याचं खोटंच सांगतो. त्याला “कबुली” म्हणावं का? कबुली म्हणजे खरं तेच सांगणं. मग “खोटी कबुली” हा वदतोव्याघात नाही का?’

नाही. बेलाशक म्हणा.

हा गोंधळ तुमचा नाही, बातम्यांनी घातलेला आहे. माणसाला पकडून एक रात्र उलटत नाही तोच ‘आरोपीची गुन्ह्याची कबुली’ अशी पट्टी फिरू लागते, आणि घरोघरी तिचा अर्थ ‘म्हणजे यानंच केलं’ असा घेतला जातो. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होता आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. त्या जबाबावरून काही वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता अपवाद. तरीही ‘कबुली’ आणि ‘सत्य’ हे आपण समानार्थी शब्द करून टाकले. मला याचा संताप येतो.

‘कबूल’ हा अरबी शब्द, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आलेला. क-ब-ल या धातूचा गाभा ‘समोर असणं’. नमाजाची दिशा तो किब्ला, समोरासमोर येणं तो मुकाबला, आणि समोर आलेलं पदरात घेणं ते कबूल. यात खऱ्याखोट्याचा संबंध कुठं आहे? महसुलाच्या जुन्या मराठीत ‘कबुलायत’ हा शब्द आहे: इतका सारा भरीन असं रयतेनं लिहून द्यायचं. सारा न्याय्य आहे, असं त्या कुणब्यानं कधीच म्हटलेलं नव्हतं. त्याच्यापुढे कागद आला आणि तो त्यानं पदरात घेतला, एवढंच. प्रॉक्टरच्या पुढ्यात फास आहे आणि कबुली आहे. तो कबुली घेतो. शब्द चोख बसतो.

पण तुम्ही ज्या प्रवेशावर अडलात, त्यातला खरा मराठी शब्द ‘कबुली’ नव्हेच. तो आहे ‘सही’.

प्रवेश आठवा. प्रॉक्टर तोंडानं सगळं मान्य करतो. इतरांची नावं घ्यायला मात्र साफ नकार देतो. न्यायाधीश डॅनफोर्थचं तेवढ्यानं भागत नाही, त्याला कागद हवा असतो. प्रॉक्टर कसाबसा सही करतो, पण तो कागद चर्चच्या दारावर लागणार म्हटल्यावर हातातून सोडत नाही आणि शेवटी फाडून टाकतो. बोललेलं खोटं त्याला पचलं, लिहिलेलं का पचू नये? भाषांतर करणारा इथं अडखळतो. मराठीनं मात्र उत्तर शब्दातच साठवून ठेवलं आहे.

‘सही’चं मूळ अरबी ‘सहीह’. अर्थ: धडधाकट, अव्यंग, आणि म्हणून खरं. ‘सहीसलामत’मध्ये तो अजून स्वच्छ दिसतो. ‘सेहत’ त्याच घरची. जुन्या मराठी कागदांच्या अखेरीस ‘हे लिहून दिले सही’ असं येतं. म्हणजे वर लिहिलं ते खरं. मजकूर कारकुनाचा आणि खरेपणाची ग्वाही ज्याचा कागद त्याची. माझं मत असं की, रोज हे वाचून-लिहून ते विशेषणच त्या कृतीचं नाव झालं. गुजराती आणि कानडीतही सही म्हणजे सहीच, बंगालीत ‘सोई’. हिंदीत आज ‘सही’ म्हणजे मुख्यतः बरोबर, आणि सहीला दस्तखत किंवा हस्ताक्षर. आपल्याकडे हस्ताक्षर म्हणजे नुसतं अक्षराचं वळण.

म्हणजे सही करणारा नाव लिहीत नसतो, तो ‘खरं आहे’ असं लिहीत असतो. प्रॉक्टर अडला तो इथं.

आता ‘सही’ परकी म्हणून सगळीकडे ‘स्वाक्षरी’ बसवणाऱ्यांबद्दल. त्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे: प्रॉक्टर आपल्या नावासाठी तळमळतो, म्हणून ‘स्व’ असलेला शब्दच इथं शोभतो. चूक आहे. स्वाक्षरी म्हणजे स्वतःची अक्षरं. ज्या पाटलाला अक्षरओळख नव्हती, त्याची निशाणी नांगर असे. त्या नांगरात एकही अक्षर नाही, तरी ती निशाणी सहीचंच काम करत होती, कारण तिनं मजकूर खरा ठरत होता. नुसतं नाव लिहायला प्रॉक्टरची हरकत नव्हतीच. ते नाव खोट्याच्या पायाशी साक्षीदार म्हणून उभं करायला होती. ‘स्वाक्षरी’त हा अर्थ औषधालाही नाही. शुद्धतेच्या हट्टापायी आपण अर्थाची मुळी खणून फेकतो आणि त्याला भाषासेवा म्हणतो.

आणि ज्यासाठी हे सगळं मांडलं ते आता. प्रॉक्टरच्या या गुणाला इंग्रजीत ‘इंटेग्रिटी’ म्हणतात. तिचं मूळ लॅटिन ‘इंटेगर’: न शिवलेला, अखंड. गणितातला इंटेगर, आपला पूर्णांक, तो हाच. या पूर्णांकाला अरबीत काय म्हणतात? ‘अदद सहीह’. सहीह संख्या! जी अखंड तीच सहीह. कागद फाडून प्रॉक्टर सही मोडतो आणि स्वतः सही राहतो. हे वाक्य इंग्रजीत करून दाखवा.

इतिहासातल्या प्रॉक्टरनं कबुली दिलीच नव्हती. तो साठीचा गृहस्थ १९ ऑगस्ट १६९२ ला सेलममध्ये फासावर गेला. पण नाटकातल्यासारखं वागणारा एक माणूस खरोखर होता: अँडोव्हरचा सुतार सॅम्युअल वॉर्डवेल. त्यानं कबुली दिली आणि मग जबाब फिरवला. त्या वर्षी कबुली देऊन तीवर टिकून राहिलेले फासावर गेले नाहीत. वॉर्डवेल २२ सप्टेंबरला गेला. ‘जबाब फिरवणे’ हा वाक्प्रचार आपण नेहमी लबाडासाठी वापरतो. या माणसासाठी तो वापरताना माझा हात थांबतो, पण दुसरा शब्द नाही.

तोंडी सांगणं आणि त्याखाली सही करणं यातला फरक आपल्या कायद्यानंही ओळखला आहे. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायची नाही, असं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६२ सांगत होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम १८१ आहे. सही लागते ती मॅजिस्ट्रेटपुढच्या कबुलीजबाबावर, आणि तोही स्वेच्छेनं दिला जातोय याची खात्री झाल्यावरच.

तर वाचनात डॅनफोर्थच्या तोंडी ‘कबुलीजबाब’ ठेवा, तो कोर्टाचा माणूस आहे. प्रॉक्टरच्या तोंडी नुसतं ‘कबूल’. आणि कागद पुढे येतो तिथं ‘स्वाक्षरी’ लिहिली असेल तर आजच खोडा.